आधी अंदाज, मग माप

"अकरा किलो," माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं. मी वळून बघेपर्यंत माझी बॅग एका बाईंच्या हातात गेली होती.

पोलादपूरचा एसटी स्टँड, सकाळचे आठ, जुलै महिना. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाल्याचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी महाडची. पण पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अंगाला डोंगरात, कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मुख्याध्यापिका स्टँडवर न्यायला येतील, एवढंच फोनवर ठरलं होतं. समोरच्या बाई बुटक्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. साडी गुडघ्याखाली चार बोटांपर्यंत वर खोचलेली, पायात पावसाळी बूट, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. माझी बॅग हातात धरून त्यांनी डोळे मिटले होते, जणू देवापुढे उभ्या आहेत.

"नाही. साडेअकरा," त्या म्हणाल्या आणि डोळे उघडले. "तू मनीषा ना? मी सकपाळ. चल."

मला वाटलं जीपकडे निघालो. त्या निघाल्या समोरच्या किराणा दुकानाकडे. दुकानदारानं त्यांना येताना पाहिलं आणि काही न विचारता काट्यावरची साखरेची पिशवी उचलून बाजूला ठेवली. बाईंनी माझी बॅग काट्यावर ठेवली. लाल आकडे थरथरले आणि थांबले. अकरा किलो सहाशे चाळीस ग्रॅम.

"एकशे चाळीसनं चुकले!" बाईंनी कपाळावर हात मारला. "एका मोठ्या कांद्याएवढं चुकले. आता तू सांग. ही माझी पिशवी किती?"

मी पिशवी उचलली. "पाच?"

"पाच काय?"

"पाच… किलो."

"हां. आकडा बोलायचा तर मागे किलो, मीटर, लिटर काहीतरी लावायचं. नुसतं पाच म्हणजे पाच म्हशीपण होतात."

पिशवी तीन किलो दोनशे भरली. माझा अंदाज इतका चुकला याचा त्यांना केवढा आनंद झाला! "शिकायला भरपूर वाव आहे," असं म्हणून त्यांनी मला जीपमध्ये बसवलं. शाळेपर्यंतच्या वाटेवर त्यांनी मला पुढच्या वळणापर्यंत किती मीटर, त्या सागाची उंची किती, ड्रायव्हरच्या बाटलीत किती पाणी उरलंय, हे विचारून घायाळ केलं. उतरताना लक्षात आलं, नव्या जागेची भीती मला वाटभर आठवलीच नव्हती.

सकपाळबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. पण अजूनही मी बादली उचलली की आधी मनात आकडा येतो, आणि त्याच्या मागे 'लिटर' लागल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, मुलं तेवीस. रोज सकाळी प्रार्थना झाली की टेबलावर एक वस्तू यायची. कधी भोपळा, कधी नदीतला गोटा, कधी सुतळीचं बंडल, कधी अर्धी भरलेली कळशी. फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा अंदाज' असं लिहिलेलं कायमचंच होतं, ते कोणी पुसायचं नाही. मुलं वस्तू बघणार, हातात घेणार, पाटीवर आकडा लिहिणार. मग बाई पिशवीतून शिंप्याची टेप, ताणकाटा किंवा एक लिटरची बाटली काढणार. आधी अंदाज, मग माप. कोणी उतावीळपणे आधी टेप लावली, तर त्या दिवशीची वस्तू बाद.

ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ जाईल त्याला गोळ्या-चॉकलेट काही नाही. त्यानं उद्याची वस्तू आणायची, हाच मान. त्यासाठी मुलं जिवाचं रान करायची. एकदा एकानं जिवंत कोंबडी आणली. तिनं ताणकाट्याला लटकायला साफ नकार दिला आणि सगळा वर्ग तास संपेपर्यंत तिच्या मागे धावला. चौथीतल्या प्रणालीनं तर एके दिवशी आपल्या आजोबांनाच आणून टेबलाशेजारी उभं केलं. धोंडूआबा, सत्तरीचे, काटकुळे, सगळी हयात घाटरस्त्यांच्या कामावर मजुरीत गेलेली.

"बाई, माजं वजन करतंय म्हनं ही," आबा लाजत म्हणाले. "मी काय भोपला हाय?"

मुलांनी पाट्यांवर आकडे लिहिले. आबांना आरोग्यकेंद्रातून आणलेल्या काट्यावर चढवलं. सत्तेचाळीस किलो. प्रणालीचा अंदाज होता सत्तेचाळीस. ती उड्या मारायला लागली आणि आबा तिच्याकडे असे बघत राहिले, जसं काही तिनं त्यांना पहिल्यांदाच ओळखलं होतं.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं एक कार्ड असायचं. त्यावर त्याची वीत किती सेंटीमीटर, पाऊल किती, दोन्ही हात पसरले की होते ती वाव किती, हे लिहिलेलं. दर तीन महिन्यांनी बाई सगळ्यांना भिंतीशी उभं करून ते आकडे नवे करायच्या. "वाढतात ना ही! जुन्या वितीनं मोजलं तर चुकतील," असं म्हणायच्या. त्यांची स्वतःची मापं वाडीत सगळ्यांना पाठ होती. करंगळीचं नख एक सेंटीमीटर. वीत एकोणीस. वाव एक मीटर बावन्न. चालीचं एक पाऊल साठ. कुठेही, कधीही त्या हात पसरायच्या. पोलादपूरच्या बँकेत काउंटरसमोर त्यांनी हात पसरले तेव्हा आतल्या साहेबांना वाटलं बाईंना चक्कर आली, आणि ते पाणी घेऊन धावले. मी शरमेनं भिंतीकडे तोंड केलं. बाई पाणी प्यायल्या, ग्लास परत देताना म्हणाल्या, "दोनशे मिली. बरोबर?"

त्यांना चिडवायचं असेल तर तीन शब्द पुरायचे. एवढंसं, थोडंफार, जरासं. "एवढंसं म्हणजे केवढंसं?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला. आणि फूट-इंचाशी त्यांचं उभं वैर. वाडीतले सुतार दाराचं माप फुटात सांगायचे, जमीन गुंठ्यात, वाळू ब्रासमध्ये, भात पायलीत. बाई तेवढ्यापुरतं ऐकून घ्यायच्या आणि जागच्या जागी मीटर, किलो, लिटर करून परत ऐकवायच्या. सुतार एकदा वैतागून म्हणाला, "बाई, फुटात काय वंगाळ हाय?" तर म्हणाल्या, "इंग्रज गेले, त्यांचा पाय तेवढा तुझ्या दारात राहिला." पण तो गेल्यावर मला गंभीरपणे म्हणाल्या, "ही पोरं उद्या महाडच्या कारखान्यात जातील, मुंबईला जातील, दवाखान्यात जातील. तिथे त्यांना कोण पायलीत विचारणार आहे?"

केंद्रप्रमुख साहेब पहिल्यांदा तपासणीला आले तेव्हा मी नुकतीच रुळले होते. साहेब धिप्पाड, आवाज भारदस्त. वर्गात येऊन त्यांनी विचारलं, "काय मुलांनो, आज काय शिकलात?" बाईंचा चेहरा उजळला. मला पुढचं दिसलं, पण थांबवायला वेळ मिळाला नाही.

"साहेबांची उंची लिहा," बाई म्हणाल्या. "आणि वजन."

तेवीस पाट्या वर आल्या. साहेबांनी एकेक वाचली. पंच्याण्णव किलो, एकशे दहा किलो, पहिलीतल्या एकीची तर दोनशे किलो. मी खडूचा डबा उगाच उघडून मिटला. मग साहेबच पोट धरून हसायला लागले. काट्यावर चढले. एकशे चार. "गेल्या महिन्यात डॉक्टरांना मी शहाण्णव सांगितलं होतं," ते म्हणाले. जाताना शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते मी इथे सांगत नाही, पण पुढच्या वर्षी आले तेव्हा नव्वद किलो होते, आणि सरळ चालत येऊन काट्यावरच उभे राहिले.

आता हे वाचून वाटेल की बाई कधी हरतच नसतील. एकदा त्या सडकून हरल्या, आणि त्या हरण्याइतका आनंद त्यांना कशाचाच झालेला मी पाहिला नाही.

महाडच्या मासळीबाजारात आम्ही दोघी रविवारी गेलो होतो. खाडीकडच्या गावातून आलेली एक काकी जिताडा घेऊन बसली होती. बाईंनी मासा उचलला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दीड किलो."

काकीनं मान वर केली नाही. "दोनला पन्नास कमी," ती म्हणाली.

"दोनला? एवढा नाही हा."

"काटा समोर हाय गो बाय. टाक."

एक किलो नऊशे साठ. बाईंनी पदर खोचला. दुसरा मासा. बाई हरल्या. बोय माशांचा वाटा. बाई हरल्या. काकीनं न बघता, मागे हात घालून कोलंबीची मूठ उचलली. "अडीचशे," म्हणाली. काट्यावर दोनशे चाळीस. आजूबाजूच्या कोळणी आपली गिऱ्हाइकं सोडून जमल्या. "हरली रे मास्तरीण!" असा ओरडा झाला. मी पिशवी सावरत उभी होते. बाईंच्या डोळ्यांत चमक होती, गाल लाल झाले होते.

"काकी, कसं हो?" त्या तिच्यासमोर चक्क उकिडव्या बसल्या. "मी तीस वर्षं हेच करतेय."

काकीनं त्यांचा हात धरून वर-खाली केला. "तू मनगटानं तोलतंस. मनगट फसवतं. खांद्यावर काय येतंय ते बघ. मनगट ढिलं सोड आन् खांद्याला इचार."

पुढचा आठवडा बाई शाळेत प्रत्येक वस्तू उचलून डोळे मिटायच्या आणि खांद्याला विचारायच्या. मग एका शुक्रवारी त्यांनी तेवीस मुलं दोन जीपमध्ये कोंबली आणि शैक्षणिक सहल म्हणून महाडच्या मासळीबाजारात नेली. काकीसमोर मुलांना ओळीत बसवून म्हणाल्या, "ह्या माझ्या बाई. यांना नमस्कार करा." काकीनं आयुष्यात शाळा पाहिली नव्हती. तेवीस मुलं वाकल्यावर तिनं घाईघाईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि काय करावं ते न सुचून प्रत्येकाच्या हातात एकेक बोय ठेवली. त्यानंतर जीपचा वास आठवडाभर गेला नाही.

मला मात्र बाई खऱ्या कळल्या त्या दुसरीतल्या आरोहीच्या वेळी.

श्रावणातला एक दिवस. आरोही शाळेत आली नाही, आणि अकराच्या सुमारास तिची आई सुनीता धावत आली. पोर उठत नव्हती. आम्ही गेलो. आरोही घोंगडीवर पडली होती, हाक मारली की डोळे अर्धवट उघडायची आणि पुन्हा मिटायची. शेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली.

"किती दिलं?" बाईंनी विचारलं.

"दोनच चमचे दिले वो बाई. दोनच. सकाली दोन, काल रातच्याला दोन. डाक्तरानं चमचाच बोलला व्हता."

"कुठला चमचा?"

सुनीतानं आतून चमचा आणला. आमटी वाढायचा लांब दांड्याचा चमचा. बाईंनी तो हातात घेतला, अंगठा आत टेकवला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वीस मिली," त्या म्हणाल्या. "चौपट." दुसऱ्या क्षणाला त्यांनी पोरीला उचललं होतं आणि चमचा व बाटली माझ्या हातात दिली होती. पोलादपूरच्या दवाखान्यापर्यंत त्या जीपमध्ये पोरीला जागं ठेवायला तिच्याशी बोलत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, किती पोटात गेलंय? बाईंनी सांगितलं, "दोन वेळा, दर वेळी चाळीस मिली." डॉक्टरांनी चमचा पाहिला, बाटली पाहिली, मान हलवली आणि कामाला लागले. दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी आरोही भात मागायला लागली.

सुनीता दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती. बाईंनी तिचे हात धरले. "तुझी चूक नाही गो," त्या म्हणाल्या. "मी फळ्यावर मिलिलिटर शिकवते. पोराच्या वहीत पोचतं. तुझ्या स्वयंपाकघरात नाही पोचलं. चूक माझी आहे." मला वाटलं, समजूत घालायला म्हणतायत. तसं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी वाडीतल्या सगळ्या बायकांना निरोप धाडला. घरात असतील नसतील तेवढे चमचे घेऊन शाळेत या.

अशी सभा मी पुन्हा पाहिली नाही. बायका पदराखाली चमचे घेऊन आल्या. स्टीलचे, पितळेचे, लग्नातल्या सेटमधले, वाकलेले, मुंबईहून आलेले नक्षीचे. आशाताई वाडीवर लसीकरणाला यायची, तिच्याकडून बाईंनी बिनसुईची सिरिंज आणली होती. एकेक चमचा टेबलावर ठेवायचा. आधी त्या बाईनं सांगायचं, यात किती मावेल. मग सिरिंजनं पाणी भरायचं. तीन मिली. नऊ. पंधरा. बारा. प्रत्येक आकड्याला बायकांचा गलका. "अगो बया, माझ्या चमच्यात तुझे पाच चमचे मावतात!" सासू सुनेला म्हणाली, "तरी मी म्हनतंय, चाय एवढी गोड कशी!" हसून हसून भिंती हलल्या. सुनीता मागे कोपऱ्यात बसली होती. शेवटी उठून पुढे आली आणि तो लांब दांड्याचा चमचा टेबलावर ठेवला. "पाच-पाच करून भरा बाई," ती म्हणाली. "सगल्यांना दिसू दे." बाईंनी पाच-पाच मिली करून चार वेळा ओतलं. पाचव्याला पाणी सांडलं.

चौतीस चमच्यांत नेमके पाच मिलीचे चार निघाले. बाईंनी त्यांच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. बाकीच्यांना बाटलीच्या टोपणातच औषध द्यायचं, असं त्यांनी एकेकीकडून वदवून घेतलं. आजही त्या वाडीत पोराला खोकला झाला की 'ठिपक्याचा चमचा' शेजारून मागून आणतात.

आणि तो रस्ता.

बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पावसाची झड चार दिवस लागून राहिली होती आणि दुपारी जरा उघडीप मिळाली. वाडीतल्या रेश्माला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, त्यातून मूल आडवं. ॲम्ब्युलन्स खालून आली, रेश्माला घेतलं, आणि शाळेपासून तीन वळणं खाली गेली तर रस्त्यावर दरड. गाडी वर गेल्यानंतरच्या अर्ध्या तासातच ती कोसळली होती. आम्ही शाळा सुटल्यावर पायी निघालो होतो, तिथेच पोचलो. आवणीहून, भाताच्या लावणीहून, परतणारी पंधरा-वीस माणसं-बायका थांबलेली. डोंगराकडून माती रस्त्यावर आलेली, दरीकडच्या बाजूला एक पट्टा शिल्लक. गाडीतून रेश्माचा आवाज येत होता आणि तो आवाज ऐकून कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

"जाईल, जाईल," कोणीतरी म्हणालं. "जरा काठानं घे."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही जाणार."

"अवो मॅडम, एवढंसं तर कमी हाय."

बाईंनी गाडीच्या तोंडाशी हात पसरले, एक वाव, मग वर दोन विती. "एक मीटर नव्वद," त्या म्हणाल्या. मग चिखलात उतरून त्या शिल्लक पट्ट्यावर गेल्या. काठाजवळ भेग होती, त्यांनी टाचेनं दाबून पाहिलं आणि भेगेच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला एक दगड ठेवला. दगडापासून मातीच्या ढिगापर्यंत वाव टाकली, वर चार बोटं कमी एक वीत. "एक मीटर पासष्ट. पंचवीस सेंटीमीटर कमी आहे दादा. तुझ्या टायरची रुंदी बघ. एक चाक पूर्ण हवेत जाईल."

ड्रायव्हरनं टायरकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. जेसीबी मागवा. महाडहून यायला तीन तास. डोली करून न्या. पोरीला हलवलं तर काय होईल? आणि बाई ढिगासमोर उभ्या, ओठ हलतायत. मला माहीत होतं काय चाललंय ते. मी जवळ गेले.

"चाळीस सेंटीमीटर रुंद करायचा, म्हणजे जरा सैल जाईल," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "लांबी माझी दहा पावलं, सहा मीटर. उंची पाऊण मीटर. एक पूर्णांक आठ घनमीटर. अठराशे लिटर." मग वळून त्यांनी आवाज लावला, प्रार्थनेला लावायच्या तसा. "घमेली किती आहेत?"

"सात-आठ हायत."

"एका घमेल्यात दहा लिटर माती. एकशे ऐंशी घमेली काढायची. वाहायला आपण पंधरा जण आहोत. प्रत्येकी बारा!"

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्या ढिगाकडे बघून सगळ्यांचे हात गळाले होते. 'बारा' ऐकल्यावर तेच लोक एकमेकांकडे बघायला लागले. बारा घमेली कोणीही वाहतं. बारा म्हणजे काय! कोणी पदर खोचला, कोणी कुदळ घेतली.

"बाई," मागून धोंडूआबा म्हणाले. ते डोंगराकडे बघत होते. "खनलेली माती फुगते. चौथाई जास्ती धरा."

बाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर!" त्या ओरडल्या, आणि त्या गोंधळातही त्यांच्या तोंडावर आनंद पसरला. "आबा, बरोबर! सव्वादोनशे! प्रत्येकी पंधरा!"

आबांनी एका तरुणाला वर नजर ठेवायला उभं केलं, एक खडा जरी सुटला तरी ओरडायचं. चौघे कुदळीवर. बाकीचे ओळीत. आणि मोजणी सुरू झाली. पहिलं घमेलं दरीत पालथं झालं तेव्हा सगळे ओरडले, "एक!" माझ्या वाट्याला फावडं आलं होतं. पन्नासाला रेश्माची सासू ओळीत उभी राहिली. शंभराला ड्रायव्हर शर्ट काढून आला. बाई स्वतः घमेलं वाहत होत्या आणि आकडाही त्याच सांगत होत्या. प्रत्येक आकड्यानंतर गाडीच्या काचेतून रेश्मा बघत होती. दीडशे. एकशे ऐंशी. दोनशेला माझे हात बधिर झाले होते. दोनशे दहा. दोनशे एकोणीसला बाई थांबल्या, घमेलं खाली ठेवलं आणि हात पसरून पुन्हा पट्ट्यावर गेल्या. एक वाव, दोन विती, आणि वर तीन बोटं कमी एक वीत.

"दोन मीटर पाच! आरसे मिट!"

ड्रायव्हरनं आरसे मिटले. बाई भेगेच्या अलीकडून गाडीकडे तोंड करून उलट्या चालत होत्या, हात वर करून, आणि गाडी त्यांच्यासमोर इंचाइंचानं, म्हणजे बाईंच्या भाषेत सेंटीमीटरनं, सरकत होती. मी चाकाकडे बघत होते. मागचं चाक दगडापासून चार बोटं आतून गेलं. पलीकडे गाडी पोचली तेव्हा असा जल्लोष झाला की वर उभा असलेला पोरगा घाबरून खाली धावला.

गाडी गेल्यावर बाई रस्त्याच्या कडेला बसल्या. मी शेजारी बसले.

"बाई, अंदाज चुकला असता तर?"

"चुकलाच ना," त्या म्हणाल्या. "सहा घमेली कमी लागली." आणि मग दोन्ही हातांत तोंड झाकून त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. थोड्या वेळानं धोंडूआबा आले आणि शेजारी उकिडवे बसले.

सायंकाळी फोन आला. मुलगी झाली. बाईंनी विचारलं, "किती?" पलीकडून उत्तर आलं आणि बाई फोन कानाला धरून मान डोलवत राहिल्या. दोन किलो सातशे ग्रॅम.

निवृत्तीनंतर त्या महाडला भावाकडे राहायला आल्या. गुडघे फार दुखायला लागले होते. मी तोपर्यंत दुसऱ्या शाळेवर गेले होते, भेटी कमी झाल्या. त्या गेल्या त्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. कोणीतरी सांगितलं की गुडघ्यांसाठी बाई दर मंगळवारी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जातात. मला त्याच बाजूला काम होतं. रिक्षा थांबवून ठेवून मी उतरले.

कुंडाच्या काठावर बाई बसल्या होत्या, साडी गुडघ्यांपर्यंत वर, पाय पाण्यात. केस सगळे पांढरे झाले होते, चेहरा वाळला होता. मला बघताच हात हलवला आणि बसल्याबसल्या म्हणाल्या, "ये, ये. मनीषा, सगळी नोकरीभर मी मीटर, किलो, लिटर करत बसले आणि तापमान राहूनच गेलं बघ! अंश सेल्सियस! हातानं कळतं का ते बघायचं. कोपरानं बघतेय मी. तळहात फसवतो."

आजूबाजूला सात-आठ बायका, कोणी महाडच्या, कोणी बाहेरगावच्या. बाईंनी सगळ्यांना कोपर पाण्यात बुडवायला लावला होता. "बोला, बोला! आकडा बोला!" एक म्हणाली चाळीस. दुसरी म्हणाली पन्नास. "पन्नास? पन्नासला कातडं सोलेल तुझं!" बाई हसल्या. पाण्याची वाफ त्यांच्या चेहऱ्यावर येत होती आणि त्या वाफेत त्यांचे डोळे चमकत होते. मीही कोपर बुडवला. बेचाळीस, म्हणाले. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, "माझा त्रेचाळीस," असं म्हणाल्या आणि पिशवीतून काचेचा थर्मामीटर काढून सावकाश पाण्यात सोडला.

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. "जा तू, थांबू नकोस," बाई पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मी निघाले. पायऱ्या चढून रिक्षात बसले, रिक्षा वळली, आणि तेवढ्यात मागून सगळ्या बायकांचा एकच ओरडा आला. त्यात बाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आकडा काय आला ते मला ऐकू आलं नाही.